जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनमध्ये एका बाजूचा आवाज सारखा दबतोय? मी काय काय करून पाहिलं ते सांगतो

माझ्या जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा डावा कान सहा महिने रुसून होता. अँप (ॲम्प्लिफायर) चालू करायचा, हेडफोन चढवायचा, आणि गाणाऱ्याचा आवाज कपाळाच्या मधोमध यायच्या ऐवजी उजव्या भुवईवर येऊन बसायचा. वीस-पंचवीस मिनिटं गेली की तो हळूहळू मधे सरकायचा, कधी कधी मधेच टक् असा बारीक आवाज येऊन एकदम जागेवर यायचा आणि मग रात्री बंद करेपर्यंत काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून सुरू. बरं, पूर्ण बंद पडला असता तर उघडून तरी बसलो असतो, पण हे असं अर्धवट आजारपण, त्यामुळे "आज जरा बरं वाटतंय" म्हणत दिवस ढकलत राहिलो.

यात सगळ्यात लाजेची गोष्ट सांगतो. याच काळात मी एका वहीत ऐकण्याच्या नोंदी करत होतो आणि त्या अगदी आत्मविश्वासाने केल्यात. "स्टेज रुंद पण किंचित उजवीकडे झुकलेलं, व्होकल पातळ, बेस नावापुरता, तानपुरा सुंदर पण जवारी एका बाजूलाच चमकते." (स्टेज म्हणजे गाणं डोक्याभोवती पसरल्याचा भास.) हे सगळं मी त्या मॉडेलचा स्वभाव समजत होतो! आता वाटतं की जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिक्सबद्दल जी मतं लोक छातीठोकपणे सांगतात, "यात बेसच नाही", "हा फार कोरडा वाजतो", त्यातली बरीचशी मतं हेडफोनबद्दल नसतातच, त्या एका आजारी नगाबद्दल असतात. हे डबे तीस-चाळीस वर्षं, काही तर त्याहूनही जुने आहेत राव. स्टॅक्स या जपानी कंपनीचा पहिला एसआर-१ १९६० मध्ये आला, त्यांचाच लॅम्डा १९७९ चा, लॅम्डा प्रो १९८२ चा, आणि सेनहायझरचा ऑर्फियस सुद्धा १९९१ चा म्हणजे आता जुन्यातच जमा. त्यामुळे आवाज कसा आहे हे लिहायच्या आधी तब्येत कशी आहे ते बघा एवढंच माझं म्हणणं आहे, आणि कसं बघायचं ते खाली येईल तसं लिहितोय. माझा सेट कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम सांगत नाहीये कारण दोष कंपनीचा नव्हताच, पुढे कळेल कोणाचा ते.

आधी थोडक्यात आत काय चालतं ते, कारण हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं अंधारात दगड मारणं होतं. साध्या हेडफोनमध्ये कॉइल आणि मॅग्नेट असतो, यात ते काहीच नाही. एक अतिशय पातळ प्लॅस्टिक फिल्म, लॅम्डाच्या घराण्यात ती एक ते दोन मायक्रॉनची, म्हणजे माणसाचा केस जर साधारण ७० मायक्रॉन धरला तर त्याच्या कित्येक पट बारीक. तिच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या दोन पट्ट्या, त्या स्टेटर. फिल्मवर कायम एक डीसी व्होल्टेज चढवलेला असतो त्याला बायस म्हणतात, आणि गाणं जातं स्टेटरला, एकाला सरळ आणि दुसऱ्याला उलटं, की फिल्म एकीकडून ढकलली आणि दुसरीकडून ओढली जाते. जोर किती लागणार ते बायस आणि सिग्नल दोन्हींवर अवलंबून. म्हणजे सिग्नल ठणठणीत असला आणि बायस अर्धा झाला तर आवाजही अर्ध्या जोराने येणार, ६ डीबी (डेसिबल) खाली. आणि महत्त्वाचं म्हणजे फिल्मवरचा लेप मुद्दाम खूप जास्त रेझिस्टन्सचा ठेवलेला असतो की चार्ज जागच्या जागी राहावा, बेसच्या लांब हेलकाव्यात इकडून तिकडे पळू नये. त्यामुळे बायसच्या वायरमधून करंट जवळजवळ जातच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, माझी सगळी गोम इथेच होती.

आता तपासणी. सगळ्यात पहिली गोष्ट फुकट आहे आणि कोणीच करत नाही, हेडफोन उलटा घाला. डावा कप उजव्या कानावर. पॅड तिरके असतील तर जरा विचित्र बसतो पण दोन मिनिटांचं काम आहे. एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग, म्हणजे ज्यात दोन्ही कानांत एकच आवाज असतो असं, लावा, आणि आवाज कुठे बसतो ते बघा. हेडफोन फिरवल्यावर आवाज पण दुसऱ्या बाजूला फिरला तर दोष यंत्रात आहे, आणि फिरवून सुद्धा त्याच कानाकडे राहिला तर कान दाखवून या, खरंच सांगतोय, कानातला मळ हे पण कारण असू शकतं आणि त्यासाठी अँप उघडून बसलेला माणूस मला माहितीये. (मीच.)

मग प्लेअरकडून अँपच्या मागे येणाऱ्या आरसीए वायरी डावी-उजवी अदलाबदल करा, अर्थात आवाज शून्यावर आणून. दबलेली बाजू बदलली तर दोष मागे आहे, प्लेअरमध्ये किंवा वायरमध्ये. बदलली नाही तर अँप किंवा हेडफोन. इथे एक गंमत, स्टॅक्सच्या बऱ्याच जुन्या अँपवर व्हॉल्यूमचा नॉब एकात एक असा दोन भागांचा असतो, एक डाव्याचा, एक उजव्याचा, आणि ते नुसते घर्षणाने एकत्र फिरतात. साफसफाई करताना एकाला धक्का लागला की बसलं, आठवडाभर तुम्ही बायस शोधत बसणार. पण याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. आधीच्या मालकाने डावी बाजू दबते म्हणून नॉबचा डावा भाग पुढे करून ठेवलेला असतो, तुम्ही घेताना ऐकता तेव्हा सगळं मधोमध, घरी आणल्यावर तुम्ही दोन्ही खुणा सरळ जुळवता आणि मग दिसतं काय ते. त्यामुळे सेकंडहँड घेताना आधी नॉबच्या खुणा जुळवायच्या आणि मगच ऐकायचं.

अँप की हेडफोन हे ठरवायला सगळ्यात सोपं म्हणजे दुसरा हेडफोन लावून बघणं, कोणाचा तरी उसना आणा. पण इथे सॉकेटचा घोळ समजून घ्या. जुन्या स्टॅक्सचा नॉर्मल बायस २३० व्होल्ट, प्लगला ६ पिना. प्रो बायस ५८० व्होल्ट, ५ पिना. पाच पिनांचा प्लग सहाच्या सॉकेटमध्ये जातो आणि वाजतो पण, फक्त हळू, कारण ५८० च्या जागी २३० मिळतात, हिशोब केला तर ८ डीबीचा फरक. त्यामुळे "माझा प्रो हेडफोन फार मिणमिणता वाजतो, ड्रायव्हर (फिल्म आणि स्टेटरचा तो संच) गेला का" असं विचारणाऱ्याला मी आधी सॉकेट कुठलं ते विचारतो. उलटं मात्र होत नाही, सहा पिनांचा प्लग प्रोच्या सॉकेटमध्ये शिरत नाही आणि ते बरंच आहे, कारण नॉर्मलवाल्यांमध्ये फिल्म आणि स्टेटरमधली फट कमी असते, त्यांना ५८० व्होल्ट द्यायचे म्हणजे फिल्म स्टेटरला चिकटणार किंवा आत ठिणगी पडणार. कॉसच्या ईएसपी-९५० चा हिशोब पुन्हा वेगळा, त्याला ६०० व्होल्ट, आणि प्लग पण स्वतःचा. जुगाडू ॲडॅप्टर बनवणाऱ्यांनी पिना दहादा तपासा.

स्पीकरच्या टर्मिनलला जोडायचे जे जुने ट्रान्सफॉर्मरचे डबे असतात, एसआरडी-७ वगैरे, त्यांची एक वेगळीच तक्रार असते. त्यातले काही लाइटवर चालतात, पण काही, म्हणजे ज्यांच्या नावापुढे एसबी लागतं ते, बायस गाण्याच्या सिग्नलमधूनच तयार करतात. आता तुम्ही रात्री हळू आवाजात आलाप ऐकताय, सिग्नलच एवढासा, तर बायस कुठून भरणार? आवाज दमल्यासारखा होत जातो, मग एखादी जोरदार तान आली की परत जीव येतो, थोड्या वेळाने परत दमतो. हा बिघाड नाहीये, त्याची रचनाच तशी आहे. सुरुवातीला दोन मिनिटं जरा मोठ्याने वाजवून घ्या आणि मग कमी करा, किंवा सरळ लाइटवरचा डबा घ्या. आणि हे डबे ब्रिज्ड अँपला, म्हणजे ज्याचं काळं टर्मिनल ग्राउंडला नसतं अशाला, जोडायच्या आधी दोन्ही चॅनलची काळी टर्मिनल आत एकत्र आहेत का ते बघा, नाहीतर हेडफोन राहील बाजूला आणि अँप जाईल.

आता येतो बायस मोजण्यावर, म्हणजे माझ्या पहिल्या मोठ्या मूर्खपणावर. उसना हेडफोन काही मिळेना, मग मीटर घेतला, ५८० च्या सॉकेटच्या बायस पिनेला आणि ग्राउंडला लावला, आकडा आला ३९२. मी मनात म्हटलं, सापडला चोर! कपॅसिटर सुकले असणार, व्होल्टेज पायरीपायरीने चढवून बायस बनवणाऱ्या शिडीतले डायोड गेले असणार. एक दादा आहेत ओळखीचे, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले त्यांनी, त्यांना फोन लावला.

"दादा, बायस बसला बहुतेक, ३९२ च दाखवतोय."

"मोजलंस कशाने?"

"नेहमीच्या मीटरने."

"अरे मग मीटरच खातोय की तुझा बायस! त्याचा इनपुट दहा मेगाओम, आणि पिनेच्या मागे सेफ्टीचा रेझिस्टर आहे तो किती? कर भागाकार."

केला. त्या पिनेच्या मागे साधारण ४.७ मेगाओमचा रेझिस्टर असतो, मीटर १० चा, म्हणजे एकूण १४.७ पैकी १० चा वाटा मीटरवर दिसणार. ५८० गुणिले १० भागिले १४.७, आले ३९५. माझा ३९२ म्हणजे बायस ठणठणीत होता. नॉर्मल २३० वाल्यांना असाच आकडा १५६ च्या आसपास दिसेल, घाबरू नका. तुमच्या अँपमधला रेझिस्टर वेगळा असेल तर भागाकार तेवढा बदला, पण मीटरवर ५८० दिसले नाहीत म्हणून कपॅसिटर मागवू नका. मी मागवायच्या बेतात होतो.

आणि खरं म्हणजे मोजायची पण गरज नव्हती, जरा डोकं चालवलं असतं तर. बायस दोन्ही कानांना एकाच ठिकाणाहून जातो. तो कमी झाला तर दोन्ही बाजू दबणार. माझी एकच बाजू दबत होती. म्हणजे दोष बायस दोन फाट्यांत वाटला जातो त्याच्या पुढे कुठेतरी, किंवा अँपच्या एका चॅनलमध्ये. दोन्ही कान एकत्र हळूहळू मंदावत असतील तर मात्र अँपमधल्या बायसच्या भागावर संशय घ्या.

अँपचा चॅनल तपासायचा म्हणजे प्लस आणि मायनस स्टेटरच्या पिनांमध्ये डीसी किती आहे ते बघायचं, आणि मग ग्राउंडपासून किती ते. अँप चांगला अर्धा-पाऊण तास तापू द्या आणि दोन्ही आकडे शून्याच्या जवळपास आहेत ना बघा, थोडे व्होल्ट इकडेतिकडे हलत राहणारच. एका बाजूला फरक खूप मोठा असेल तर फिल्म कायम एका स्टेटरकडे ओढलेली राहते आणि ती बाजू घुसमटल्यासारखी वाजते, ते आतल्या प्रीसेटने, म्हणजे पेचकसाने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने, जुळवता येतं. पण ऐका, बायसच्या पिनेमागे मेगाओमचा रेझिस्टर असल्याने तिचा झटका चिमटा काढल्यासारखा असतो, स्टेटरच्या लाइनचं आणि अँपच्या आतल्या सप्लायचं तसं नाही, तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि ते जिवावर बेतू शकतं, बंद केल्यावर सुद्धा कपॅसिटर भरलेले असतात. उच्च व्होल्टेजची सवय नसेल तर झाकण उघडूच नका, जाणकाराकडे द्या. मी दादांच्या समोर बसून, एक हात खिशात घालून मोजलं. आकडे सरळ आले. म्हणजे अँप सुटला, उरला हेडफोन.

हेडफोनमध्ये एक बाजू दबायची कारणं बरीच आहेत आणि कधी दबते यावरून अंदाज लागतो. सुरुवातीला ठीक, पण घातल्यावर अर्ध्या तासाने एक बाजू उतरत जाते, तर कानाजवळचा घाम आणि वाफ आत जातेय आणि फिल्मवरचा चार्ज कडेने स्टेटरकडे गळतोय. दमट दिवसात हे हमखास. अशा वेळी हेडफोन बंद डब्यात सिलिका जेल टाकून दोन-तीन दिवस ठेवा, बऱ्याचदा एवढ्यानेच सुधारतो. सुरुवातीला दबलेला आणि नंतर सुधारणारा, तर चार्ज भरायलाच वेळ लागतोय, लेप झिजलाय किंवा संपर्क खराब आहे. कप कानावर दाबला की एकदम आवाज येतो, सोडला की जातो, तर फिल्म सैल पडून स्टेटरला चिकटतेय, आणि त्याला घरगुती इलाज नाही, ड्रायव्हर बदलायचा किंवा नवी फिल्म ताणून देणारा कोणी शोधायचा. बारीक शिट्टी किंवा चर्र असा आवाज येत राहतो, तर फिल्म आणि स्टेटरच्या मधे काहीतरी शिरलंय. प्रोमध्ये ती फट अर्धा मिलिमीटर, एक केस किंवा धुळीचा एक तंतू शिरला तरी तिथून चार्ज गळायला पुरतो. मात्र हेडफोन घालताना-काढताना फर्र किंवा पुर्र असा जो आवाज येतो त्याला घाबरू नका, हवेच्या दाबाने फिल्म वाकते त्याचा तो आवाज, चांगल्या नगात पण येतो आणि नवीन माणूस हमखास दचकतो.

जुन्या पॅडचं आणि फोमचं एक वेगळंच प्रकरण आहे. ड्रायव्हरच्या पुढे जो पातळ फोम लावलेला असतो तो वर्षानुवर्षांनी काळ्या भुकटीत बदलतो, बोट लावलं की चिकट डाग. ती भुकटी ड्रायव्हरच्या धूळकव्हरवर साचते. धूळकव्हर म्हणजे स्टेटरच्या बाहेर ताणलेली अजून एक पातळ फिल्म, तिचं काम धूळ आणि घाम आत जाऊ न देणं एवढंच. ती फाटली की मग भुकटी थेट स्टेटरच्या भोकांतून आत. त्यामुळे फोम चुरगळायला लागलेला दिसला की तो काढून टाका, हलक्या हाताने, ड्रायव्हर खाली तोंड करून धरा म्हणजे चुरा आत न पडता खाली पडेल. व्हॅक्युम क्लीनर जवळ आणू नका आणि कॉम्प्रेस्ड हवा तर अजिबात नाही, दीड मायक्रॉनच्या फिल्मवर ती हवा म्हणजे वादळ. आणि पॅड फाटलेले असतील तर बेसबद्दल बोलूच नका, यात बेस पॅडच्या सीलवर उभा असतो, चष्म्याच्या काडीएवढी फट पडली तरी खालचा सूर पळतो. मी स्वतः चष्मा काढून ऐकलं तेव्हा पखवाजाचा डावा हात पहिल्यांदा नीट कळला.

तर माझा प्रकार कुठला? सुरुवातीला दबलेला, नंतर सुधारणारा, मधेच टक्. सिलिका जेलमध्ये तीन दिवस ठेवला, काढल्यावर बरा वाटला, चौथ्या दिवशी परत तेच. एका अगदी दमट दिवशी तर नेहमीपेक्षा लवकर सुधारला, आणि तिथे माझं सगळं गणित बिघडलं, कारण ओल वाईट म्हणावी तर ओलीत बरा का वाजतोय? महिनाभर लेप झिजला असं धरून चाललो आणि दुसरा ड्रायव्हर मिळतो का बघत होतो.

शेवटी दादांनीच विचारलं, "बायसची वायर प्लगपासून ड्रायव्हरपर्यंत वाजवून बघितलीस का?" नव्हती बघितली. कारण माझ्या डोक्यात असं की वायर तुटली असती तर डावा कान मुकाच झाला असता ना, वाजतोय म्हणजे वायर आहे. "करंट लागतो का रे त्याला?" ते म्हणाले. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

अँप बंद, प्लग काढला, रात्रभर तसाच ठेवला, सकाळी प्लगच्या सगळ्या पिना एकमेकींना टेकवून उरलासुरला चार्ज घालवला. दोन्ही कपचे स्क्रू काढले. मीटर बीपवर ठेवून एक टोक प्लगच्या बायस पिनेला, दुसरं उजव्या ड्रायव्हरच्या सोल्डरच्या टाक्याला, बीप. डाव्याच्या टाक्याला, काही नाही. वायर जरा हलवली, बीप, सोडली, गप्प. भिंग घेऊन बघितलं तर टाका वरून चकचकीत असायला हवा तो राखाडी आणि दाणेदार, आणि वायरच्या भोवती गोल बारीक भेग, त्यात तपकिरी वाळलेला फ्लक्स, म्हणजे सोल्डर करताना लावतात तो राळेसारखा पदार्थ. कधीतरी कोणीतरी केबल बदललेली आणि हा एक टाका कच्चा मारलेला, फ्लक्स पुसायची पण तसदी घेतली नव्हती. सिग्नलचे चारही टाके छान होते, त्यामुळे सिग्नल व्यवस्थित पोचत होता.

म्हणजे चाललं होतं असं, बायस त्या भेगेतून आणि वाळक्या फ्लक्सवरून झिरपत झिरपत फिल्मवर चढायचा, वीस-पंचवीस मिनिटांत कसाबसा भरायचा, आणि ऐकता ऐकता मान हलली की भेग क्षणभर जुळायची, टक्, आणि एकदम पूर्ण चार्ज. दमट दिवशी फ्लक्सवरून जास्त झिरपायचं म्हणून लवकर भरायचा. साधी कॉइल असती तर तुटलेल्या टाक्यावर काहीच वाजलं नसतं आणि पहिल्याच दिवशी सापडलं असतं. इथे लागणारा करंट इतका नगण्य की तुटलेला टाका सुद्धा काम चालवून नेतो, आणि आपण बसतो फिल्मला दोष देत.

दुरुस्ती दहा मिनिटांची. जुना टाका शोषून काढला, नवीन मारला, सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांच्या वर टेकवली नाही कारण आजूबाजूला सगळं प्लॅस्टिक आणि ड्रायव्हरची चौकट वितळली तर मग फिल्मचा ताण गेलाच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर घेऊन फ्लक्स पुसला, काडी ओली पण टपकणारी नाही, आणि ड्रायव्हर उभा धरून, म्हणजे थेंब आत ओघळणार नाही. दिवसभर उघडा सुकवला. ड्रायव्हर स्वतः उघडायचा मोह होतो अशा वेळी, करू नका, आतली धूळ काढायला जाल आणि चार पट धूळ घालून परत बंद कराल.

त्या रात्री तीच मोनो रेकॉर्डिंग लावली, चालू केल्यापासून दहा सेकंदांच्या आत आवाज कपाळाच्या मधोमध. फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपने पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सारखा खळखळाट) लावून दोन्ही कप मोजले, मायक्रोफोन पॅडच्या मधे धरून, फरक अर्ध्या डीबीच्या आत. ॲपचा आकडा तसा खरा मानू नये पण डाव्या-उजव्याची तुलना करायला चालतो, दोन्ही वेळा फोन सारखाच धरा म्हणजे झालं.

मग ती वही काढली आणि एकेक नोंद परत ऐकून तपासली. व्होकल पातळ हे खोडलं. एक कान उपाशी असताना आवाज मधे जमतच नाही, मग शरीर कुठून येणार त्याला. आता ख्याल गायकीत श्वास घेतल्यावर सूर लागायच्या आधी जो किंचित घशाचा आवाज असतो ना, तो ऐकू येतो, आणि ठळक करून दाखवल्यासारखा नाही तर आपसूक. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या मोजता येतात आणि जवारी आता डोक्याभोवती फिरते, एका बाजूला टांगलेली नाही. बेस नावापुरता हे अर्धं खोडलं. खालपर्यंत जातो, सूर कळतो, तबल्याच्या बायाँवरची मींड अगदी रेघ ओढल्यासारखी दिसते, पण धक्का नाही. छातीत बसणारा ठोका ज्याला हवाय त्याने हा रस्ता धरू नये, हे आता निरोगी नगावर ऐकून सांगतोय. ट्रेबल थोडा वर आहे ही नोंद तशीच ठेवली. झांजा आणि चिपळ्या जरा जास्तच पुढे येतात, जुन्या खरखरीत रेकॉर्डिंगमध्ये ती खरखर पण मन लावून ऐकवतो. आणि "स्टेज उजवीकडे झुकलेलं" या ओळीवर मी फक्त लाल रेघ मारली नाही, शेजारी तारीख आणि "टाका" असं लिहून ठेवलंय.

आता साडेतीन महिने झाले, डावा कान एकदाही रुसला नाही. कालपासून मात्र उजवीकडे, कप जरासा दाबला की कागद चुरगळल्यासारखा बारीक आवाज येतोय, आवाजाचा जोर सारखाच आहे आणि टक् वगैरे काही नाही, त्यामुळे धूळकव्हर सैल पडलं असणार असा अंदाज आहे. रविवारी उघडतो. यावेळी टाके आधी वाजवून बघणार.